खड्ड्याबाहेरचं झाड

"जिवंत की मेलेलं? एकच सांग. फॉर्मवर दोनच चौकोन आहेत," इम्रान म्हणाला.

मी खड्ड्यात बघितलं. रोप मेलेलं होतं. काळी पडलेली काडी आणि तिच्या बुडाशी नर्सरीची फाटकी पिशवी. मग मी वीतभर पलीकडे बघितलं. तिथे माझ्या छातीला लागेल एवढी ऐनाची झुडपं उभी होती. हिरवीगार, दाट. तीन महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, मी याच जागी उभी राहून याच इम्रानला 'मृत' वर खूण करायला सांगितली होती.

"थांब जरा," मी म्हणाले.

"पत्रक लिहिताना नव्हतीस थांबली."

तो हे गमतीने बोलला नव्हता.

मी एका छोट्या संस्थेत काम करते. ऑफिस म्हणजे सूसमधल्या एका सोसायटीतला वन बीएचके. हॉलमध्ये चार टेबलं, बेडरूममध्ये पत्रकांचे गठ्ठे. सरकार हवामान बदलाच्या नावाने जो खर्च करतं, तो जमिनीवर कुठे दिसतो ते आम्ही बघतो आणि लोकांना सांगतो. बघायचं काम इम्रानचं, सांगायचं माझं. इम्रान पौडचा. बाजारपेठेत त्याच्या अब्बांचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे अख्ख्या मुळशीत कुणाच्या घराला कुठली कडी आहे हे त्याला माहीत असतं. मी लवळ्याला शिकले. पहिलं पत्रक हॉस्टेलमध्ये असताना मेसच्या पाण्यावर लिहिलं आणि आठवड्यात फिल्टर बदलला गेला. तेव्हापासून माझा पत्रकांवर विश्वास आहे. वाक्यं लहान हवीत. प्रश्न एक हवा. गुन्हेगारही एकच हवा. दोन झाले की लोक वाचत नाहीत.

वाडीचं नाव सांगणार नाही. एका बाईची रोजंदारी अजून त्या डोंगरावर चालू आहे, आणि मी ती एकदा घालवून बसले होते.

आता एप्रिलपासून सांगते.

हवामानाच्या निधीतून त्या डोंगराच्या एका उतारावर रोपं लावली होती. त्याला दोन पावसाळे झाले होते. भोवती तारेचं कुंपण. फाटकाशी मोठा बोर्ड, त्यावर रोपांचा आकडा आणि एक हिरवं हसरं पान. आम्ही गेलो ते 'सर्व्हायव्हल काउंट' करायला. नाव मोठं, काम साधं. उतारावर एक लांब दोरी ताणायची. दोरीला लागून येणारा प्रत्येक खड्डा बघायचा. खड्ड्यात रोप जिवंत असेल तर एका चौकोनात खूण, मेलं असेल तर दुसऱ्या. फोनवर फोटो काढायचा, त्यात जागेचा पत्ता आपोआप उमटतो. मग दोरी सोडून दुसरीकडे ताणायची. सगळा डोंगर मोजत बसावं लागत नाही.

दोरी ताणायला दोन्ही टोकांना काहीतरी लागतं. इम्रानने जमिनीतून वर आलेला एक काटकुळा खुंट बघितला, त्याला गाठ मारली. दुसरं टोक मी खालच्या अंगाच्या तशाच एका खुंटाला बांधलं. असे खुंट उतारभर होते. त्यांच्यातून सरळ उभ्या, निष्पर्ण काटक्या आलेल्या. ऊन डोक्यावर होतं आणि त्या काटक्यांची सावलीसुद्धा पडत नव्हती.

चाळीस खड्डे बघितले. तीन रोपं हिरवी. बाकी काड्या.

मी खूश झाले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. आमच्या कामात वाईट बातमी मिळाली की दिवस सार्थकी लागतो.

खाली उतरताना राखणदार भेटल्या. हौसाबाई. साठीच्या आसपासच्या, डोक्याला पदर, हातात काठी, कमरेला कोयता अडकवलेला. करवंदीच्या जाळीला टेकून बसल्या होत्या. आम्हाला पाण्याची बाटली पुढे केली.

"काय मोजतुया?"

"झाडं, मावशी. पण झाडंच नाहीत."

"नाहीत कशी? ही काय!" त्यांनी काठी सगळ्या उतारावरून फिरवली.

मी बघितलं. खुंट, काटक्या, वाळलेलं गवत.

"कुठली?"

"अगं ही! हितं, तितं. डोळं हायेत न्हवं?"

मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: 'राखणदार वयस्क. विचारलं असता झाड दाखवू शकल्या नाहीत.'

त्यांनी तर सगळी दाखवली होती.

पत्रक एका बैठकीत झालं. मथळा: 'झाडं दाखवा!' खाली फोटो, खड्ड्यांचा हिशेब, बोर्डावरच्या हसऱ्या पानाचा क्लोज-अप. आणि एक ओळ, जिच्यावर मी फारच खूश होते: 'राखणदार आहे, राखायला झाड नाही. मग दोन वर्षं राखण कसली चालली आहे?'

माधुरीताई, म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख, चष्मा कपाळावर चढवून वाचत होत्या.

"राखणदाराशी बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाल्या?"

"झाडं आहेत म्हणाल्या."

"मग?"

"ताई, नव्हती. फोटो आहेत."

ताईंनी चष्मा खाली घेतला, परत वर केला, आणि सही केली. त्या दिवशी त्यांना पुण्यात दुसरी मीटिंग होती. माझी चूक त्यांच्यावर ढकलत नाही. पण तीनच प्रश्न विचारून त्या थांबल्या. चौथा विचारायला हवा होता असं त्या स्वतःच नंतर म्हणाल्या.

पत्रक गाजलं. पौडच्या एसटी स्टँडवर वाटलं, लवळ्याच्या कॅन्टीनमध्ये वाटलं, सूसच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलं. आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी लिफ्टमध्ये माझा हात हातात घेतला.

"शर्वरी, झकास लिहिलंयस. मी पहिल्यापासून म्हणतोय, हे हवामान-बिवामान सगळं थोतांड आहे."

"काका, मी असं नाही लिहिलं."

"तेच तर. न लिहिता सांगितलंस."

"मी म्हणतेय काम नीट करा."

"कशाला करायचं? नुसतं बंदच करा की!" लिफ्ट उघडली, ते पार्किंगमध्ये गेले, मी चुकून त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि तिथेच उभी राहिले.

त्याच संध्याकाळी लवळ्याच्या एका ज्युनियरचा फोन. "ताई, आम्ही कॉलेजात हवामानासाठी निधी वाढवा म्हणून सह्या गोळा करतोय आणि लोक तुमचं पत्रक दाखवून सही नाकारतायत. तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूने आहात?"

मी म्हणाले, "खऱ्याच्या." फोन ठेवल्यावर मला ते उत्तर फारसं पटलं नाही.

जूनच्या सुरुवातीला इम्रानचा फोन आला. दुकानातून करत होता, मागे पत्रा कापल्याचा आवाज.

"वनखात्याने कारवाई केली."

"अरे वा! कुणावर?"

"हौसामावशीवर."

"मावशींवर? का?"

"चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणून सांगितलंय. कारण काय दिलंय माहितीये? तुझी ती ओळ. 'राखण कसली चालली आहे.' शब्दशः. त्यांचा भाचा आत्ता खिळे न्यायला आला होता, त्याने दाखवलं."

"पण मी त्यांच्याबद्दल नव्हतं लिहिलं. मी व्यवस्थेबद्दल..."

"शर्वरी, त्या डोंगरावर व्यवस्था म्हणजे मावशीच आहे. दुसरं कुणी चढत नाही."

पुढचं त्याने एका दमात सांगितलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय येणार. लागवड अपयशी असं ठरलं, तर खातं ती जागा बंद करणार. म्हणजे कुंपणाची तार काढून दुसरीकडे नेणार, राखणदाराची जागा रद्द. मावशी एकट्या. भाताचं एकच खाचर, तेही अर्धं दिराचं. डोंगरावरची रोजंदारी हाच त्यांचा ठरलेला पैसा होता.

मी पत्रक परत काढून वाचलं. भाषा चांगली होती.

जुलैत खात्याने उलटी उडी मारली. फेरमोजणी झाली आणि त्यांनी जाहीर केलं की जवळजवळ सगळी झाडं जगली आहेत. फोटोंसकट, फोटोंवर जागेच्या पत्त्यासकट. आता मात्र माझं डोकं फिरलं. एप्रिलमध्ये मेलेलं झाड जुलैत जिवंत होत नाही. मी दुसऱ्या पत्रकाचा मथळासुद्धा करून ठेवला: 'मेलेली झाडं उठली!' मावशीचं काय करायचं ते सुचत नव्हतं, पण खोटं पकडायला येत होतं. मी इम्रानला घेऊन परत वर गेले.

आणि तो मला विचारत होता, जिवंत की मेलेलं.

आत शिरताना फाटकाशीच मावशी भेटल्या होत्या. डोक्यावर इरलं, हातात काठी.

"आल्या का? या येळंला काय मारायचं ठरवून आलाय?"

"मावशी, तुम्हाला तर घरी बसायला सांगितलंय ना?"

"घरीच बसलीया. घर ते खाली हाय, मी वर बसलीया. कागदावर कुटं काय लिवलंय किती लांब बसायचं."

त्या आमच्यामागून खड्ड्यापर्यंत आल्या होत्या. मी ऐनाकडे बोट दाखवलं. "मावशी, हे कुणी लावलं?"

"कुनी न्हाई."

"मग आलं कुठून?"

त्या एका झुडपाशी उकिडव्या बसल्या. कोयत्याच्या टोकाने बुडाची माती खरवडली. खाली मनगटापेक्षा जाड, गाठाळ, काळं लाकूड निघालं. एप्रिलमध्ये मी ज्याला काटकुळा खुंट म्हटलं, त्याचं हे पोट होतं.

"ह्यो माझ्या सासूच्या आधीचा. दर साल आमी तोडायचो, दर साल ह्यो फुटायचा. तोडलं की खुंट, फुटला की काटकी. झाड व्हायला सवड कुनी दिली?"

"तोडायचा कशाला?"

"राबाला! भात काय तुमच्या मॉलमधी उगावतं?"

राब म्हणजे काय ते ज्यांनी भातशेती बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही इम्रानने तिथेच सांगितलं. भाताचं रोप तयार करायची एक छोटी जागा असते. उन्हाळ्यात तिच्यावर शेण, पालापाचोळा आणि झाडाच्या तोडलेल्या फांद्या असे थर रचून भाजतात. तण मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. त्या फांद्यांना टहाळ म्हणतात. टहाळासाठी दरवर्षी गावच्या बायका ऐन छाटून काढायच्या. अख्ख्या उतारावर जिवंत मुळं होती, वर फक्त खुंट. कुंपण झाल्यावर गुरं थांबली. टहाळ तोडणं थांबलं. दोन पावसाळ्यांत ऐन वर आला.

एप्रिलमध्ये ऐनाला पान नसतं. हे मुळशीतल्या शेळीलासुद्धा माहीत आहे. आणि आमच्या फॉर्ममध्ये खड्ड्याबाहेरच्या झाडाला जागा नाही. आम्ही खड्डे बघत होतो. दोरी मात्र झाडाला बांधली होती.

हे कळल्यावर मी खाली बसले. चिखलातच.

"म्हणजे लावलेली रोपं मेली," मी म्हणाले.

"मेली. कातळावर लावली व्हती. ती बी बंगल्याफुडं लावायची झाडं. जगतीत व्हय?"

"आणि जी जगली ती लावलेलीच नाहीत."

"व्हय."

"म्हणजे खातं खोटं बोलतंय."

"बोलतंय की."

"आणि मीपण."

"तू बी. पन तू छापून बोललीस, तुझं लांब गेलं."

इम्रान हसला. मला हसू आलं नाही. माझ्यापुढे दुसराच प्रश्न उभा होता. "मावशी, नुसत्या तारेने बायका थांबल्या? टहाळ कसं काय सोडलं त्यांनी?"

मावशींनी कोयता पदराला पुसला. आजूबाजूला बघितलं, जणू ऐनाच्या मागे कुणी उभं होतं.

"दिवाळी झाली की गवात कापू देते. टहाळ सोडा, गवात न्या, असं ठरलंय आमचं. राबाला गवात-पाला चालतोय. आन् गवात गेलं की उन्हाळ्यात वनवा लागत न्हाई. पन कुंपनात कुनाला घ्यायचं न्हाई असा नियम हाय. तुला सांगितलं म्हनून छापू नगंस."

म्हणजे रोपं नियमाने लावली ती मेली. झाडं नियम मोडून जगली. आणि दोन्ही सरकारच्या पैशाने, कारण तार आणि मावशी दोन्ही त्याच निधीतून. मी डोंगर उतरताना हे वाक्य चार प्रकारे मांडून बघितलं. पत्रकात एकही बसेना.

ग्रामसभेच्या सकाळी मी माधुरीताईंना फोन केला.

"ताई, रोपं मेली म्हणाले तर मावशी जातात. झाडं जगली म्हणाले तर खात्याचं खोटं खरं ठरतं. खरं कसं जगली ते सांगितलं तर मावशींनी नियम मोडला हे बाहेर येतं. काय बोलू?"

"तुला काय दिसलं?"

"तीन गोष्टी दिसल्या."

"त्यातल्या तुझ्या किती?"

मी विचार केला. "दोन. गवताची गोष्ट त्यांची आहे."

"मग दोन सांग. तिसरी त्यांची, त्यांना ठेवू दे."

झेंडावंदन झाल्यावर सभा शाळेच्या वर्गात बसली. पुरुष बाकांवर, बायका खाली सतरंजीवर, मावशी दाराशी. खात्याचे साहेब खुर्चीत. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. माझ्या डोक्यात मी त्यांना बराच जाड आणि मिशीवाला कल्पून ठेवलं होतं. त्यांनी माझं पत्रक हातात धरलं.

"हे ज्यांनी लिहिलं त्या मॅडम आहेत का इथे?"

मी उभी राहिले. "माझं पत्रक अर्धं चूक होतं."

"कुठलं अर्धं?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, आणि वर्ग हसला.

मी सांगितलं. खड्ड्यातली रोपं मेली आहेत, ते खरं आहे. पण उतार हिरवा आहे, तेही खरं आहे. तो ऐन आहे, जुन्या खुंटांचा. एप्रिलमध्ये मला तो ओळखता आला नाही. राखण झाली म्हणून तो वाढला. राखण कसली असं मी लिहिलं, ते चूक होतं.

साहेब पुढे वाकले. "म्हणजे निधी वाया गेला असं म्हणायचंय?"

"नाही."

"म्हणजे कामी आला?"

"हो. पण तुम्ही ज्या कामी आला म्हणताय त्या कामी नाही."

"आरं, ही बाई हाय तरी कुनाच्या बाजूची?" बाकावरचे एक आजोबा वैतागून म्हणाले. तीन महिन्यांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा आला होता आणि या वेळी उत्तर द्यायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही.

साहेब मात्र हुशार होते. नेमकं तिथेच आले. "एक समजत नाही. तारेखालून माणूस सहज जातं. मग बायकांनी टहाळ तोडलं का नाही?"

मी वही उघडून त्यात बघू लागले. इम्रान फळ्यावरचा सुविचार वाचू लागला. सरपंच म्हणाले, "साहेब, जाऊ द्या, वेळ होतोय."

"गवात म्या दिलं," दारातून आवाज आला.

मावशी उभ्या होत्या. "टहाळ तोडू नगा, गवात न्या, म्या सांगितलं. नियम मोडलाय. काय करायचं ते करा. पन झाड मेलं म्हनू नगा. ते मला सहन व्हत न्हाई."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात सतरंजीवरून एक बाई उठली, काखेत पोर घेऊन. "ती कोन देनार गवात? तिच्या बापाचा डोंगर हाय व्हय? आमी नेलं. लिवा माझं नाव."

"माझं बी लिवा," दुसरी.

"आन् तिचं लिवा, तिनं दोन भारं नेलं, मी एकच."

"अगं ए, तुझ्या सासूनं नेला त्यो कोन मोजनार?"

वर्गात गदारोळ झाला. साहेबांनी टोपण परत लावलं.

सभेनंतर त्यांनी मला आणि इम्रानला व्हरांड्यात बोलावलं. हातात पाहणीचा फॉर्म होता. लावलेली रोपं, जिवंत, मृत, शेरा. चार रकाने. 'जिवंत' मध्ये त्यांनी मोठा आकडा आधीच भरला होता, ऐनासकट. खाली साक्षीदाराची सही. आमचं पत्रक खात्याने तक्रार म्हणून धरलं होतं, त्यामुळे सही माझी.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मॅडम, मला तार आणि राखणदार मिळतो तो रोपांच्या नावावर. रोप मेलं की कागदावर तार मेली, राखणदार मेला. आपोआप उगवलेल्या झाडाचा रकाना माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?"

आमच्याकडेही नव्हता.

"मी वर लिहू शकतो," ते म्हणाले, "की रकाना वाढवा. लिहीनही. उत्तर येईल तेव्हा माझी बदली झालेली असेल. तोवर डोंगराचं काय करू?"

एप्रिलमध्ये मला हा माणूस मिळाला असता, तर मी त्याच्यावर दोन पत्रकं लिहिली असती. आता मी त्याच्या हातातला फॉर्म बघत होते. पटांगणात मावशी पोरांबरोबर झेंडावंदनाच्या जिलेबीच्या रांगेत उभ्या होत्या, आणि अजिबात आमच्याकडे बघत नव्हत्या. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी सही केली. पण आधी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'खड्ड्याबाहेर.' रकाना बोटाएवढा होता, आणखी काही मावत नव्हतं. साहेबांनी वाचलं आणि शिक्का मारला. शिक्का शब्दाच्या अर्ध्यावर आला. मुद्दाम की चुकून, ते मला अजून कळलेलं नाही.

मावशी दुसऱ्या दिवसापासून कामावर आहेत. गवताबद्दल त्यांना लेखी समज मिळाली. ती त्यांनी इम्रानकडून वाचून घेतली आणि घडी करून पिशवीत ठेवली. तार जागेवर आहे. खात्याच्या अहवालात ती लागवड यशस्वी आहे. काकांच्या ग्रुपवर ती घोटाळा आहे, कारण माझं पहिलं पत्रक तिथे अजून फिरतंय. मी दुसरं पत्रक काढलं, चूक कबूल केलेलं. 'झाडं दिसली, मला नंतर दिसली' असा मथळा होता. ते कुणी फारसं पुढे पाठवलं नाही. काका म्हणाले, "लांबलंय थोडं. पहिलं कसं खणखणीत होतं."

आमच्या फॉर्ममध्ये आता तिसरा चौकोन आहे: 'खड्ड्याबाहेर जिवंत.' मोजणी वर्षातून दोनदा करतो, पानं असताना आणि नसताना. लोक अजून विचारतात, की हवामानाचा पैसा कामी येतो का. मी म्हणते, कुठला डोंगर ते सांगा. मग ते दुसऱ्या कुणाला तरी विचारायला जातात.

सभेनंतर निघताना मावशींनी पिशवीतून दोरीचा एक तुकडा काढून दिला होता. एप्रिलमध्ये गाठ सुटेना म्हणून आम्ही दोरी कापून आलो होतो. गाठ तिथेच राहिली होती. मावशींनी दुसऱ्या दिवशीच जाऊन ती सोडवली होती.

"काचत व्हती त्याला," त्या म्हणाल्या. "आन् एक शीक. मोजायच्या आदी नखानं साल खरवडायची. आत हिरवं असलं की जित्तं."

आता दोरी बांधण्याआधी मी खुंट नखाने खरवडून बघते. हिरवा निघाला, तर फॉर्ममध्ये पहिली खूण त्याची करते आणि दोरी दगडाला बांधते.